रोवेनाच्या खोक्यातला ऑक्टोपस

माझा लायल चारचौघांत माझ्याबद्दल खोटं बोलला. दाढीत पांढरे केस आलेला बाप्या आहे तो, शेंबडं पोर नाही, म्हणून लिहितेय. लहानपणी यानं शेजाऱ्यांच्या काचा फोडल्या, शाळेत पोरांची डोकी फोडली, पण मार खायला कधी भ्याला नाही. आता या वयात त्याला आडोसा लागला, आणि आडोशाला कोण सापडलं, तर जन्म देणारी.

लायल माझ्याच घरात राहतो आणि बाहुल्यांचे खोके मागवतो. दर महिन्याला पोस्टानं येतात, आत काय निघेल ते आधी कुणालाच माहीत नसतं. सिनेमातली, टीव्हीवरची, कॉमिकमधली माणसं हातभर उंचीची करून पाठवतात, सोबत एखादा मग, एखादा बिल्ला. मी बाहुली म्हटलं की तो तोंड वाकडं करतो. “फिगर, आई, फिगर!” लायल दोन खोके घेतो, एक उघडायला आणि एक कायमचा बंद ठेवायला. बंद कशाला ठेवायचा हे मला अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

आमच्या टोलेडो शहरात हे खूळ असलेली सात-आठ माणसं आहेत. सगळी नोकरीवाली. दिवसा घरी कुणी नसतं, आणि दारापुढचा खोका उचलून नेणारे आमच्याकडे टपलेलेच असतात. म्हणून सगळ्यांचे खोके माझ्या पत्त्यावर यायचे. पोस्टमनच्या हातातून मी घ्यायची, नावं वाचून बाहेरच्या खोलीत भिंतीशी लावून ठेवायची. शाळा मी आठवीतच सोडली, पण नाव वाचायला कधी चुकले नाही. इतक्या वर्षांत एक खोका हरवला नाही की एकाचा कोपरा चेपला नाही. कोपरा चेपला तर या लोकांचा जीव जातो. “वेर्नाबाईंकडे आहे ना, मग बँकेत आहे,” असं क्लाइड म्हणायचा. तो शाळेची बस चालवतो. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्यांचा नियम एकच. महिन्यातला एक शनिवार ठरलेला, त्या दिवशी बोलिंगच्या हॉलमागच्या खोलीत जमायचं आणि आपापला खोका सगळ्यांदेखत उघडायचा. त्याआधी उघडला तर तो माणूस मेल्यात जमा. जाताना प्रत्येकजण घरून काहीतरी करून नेतो. मी चीज घालून भाजलेले बटाटे नेते, आणि भांडं रिकामं घरी येतं.

या वेळी खोक्यांत अंतराळाच्या एका जुन्या मालिकेतली माणसं येणार होती. बहुतेकांना साधा यंत्रमानव निघणार, पण मोजक्या खोक्यांत जांभळ्या डगल्यातली कप्तानबाई, लोखंडी बैठकीवर उभी. सगळ्यांना ती हवी होती, पण रोवेनासारखी कुणालाच नाही. रोवेना इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुते. तिचा बाप अंथरुणाला खिळला होता तेव्हा दोघांनी मिळून ती मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. त्यातलं बाकी सगळं गणगोत तिच्या कपाटात आहे, कप्तान तेवढी नाही. त्या शनिवारी खोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, “निघाली तर मी या टेबलावर चढून नाचेन.”

“टेबल बोलिंगवाल्याचं आहे गं, जपून,” क्लाइड म्हणाला. सगळे हसले. लायलही हसला.

खोक्यात वरती पातळ कागदाची घडी असते, आणि ती त्या महिन्याच्या गोल स्टिकरनं चिकटवलेली असते. बाकी सगळ्यांच्या स्टिकरवर चंद्र होता. रोवेनाच्या स्टिकरवर ऑक्टोपस.

मला काहीच कळलं नाही. पण सगळे त्या स्टिकरवर वाकले.

“हा तर मागच्या महिन्याचा,” क्लाइड म्हणाला.

“कारखान्यात चुकून लागला असेल,” कुणीतरी म्हणालं.

“कारखान्यात कुठला? कागद बघ, आधीचं स्टिकर उपटलंय, त्यावर हे लावलंय,” क्लाइडनं बोट ठेवून दाखवलं.

रोवेनानं कागद उलगडला. आत यंत्रमानव. तिनं तो हातात घेतला आणि खाली ठेवला.

तेवढ्यात लायल बोलला. माझ्याकडे न बघता, टेबलाकडे बघत. “आईनं उघडला असणार. हल्ली तिचं असंच होतं. माझ्या खणातली जुनी स्टिकरं घेऊन काहीबाही चिकटवत बसते, आणि मग तिला आठवत नाही.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. रोवेना उठून माझ्याजवळ आली, माझ्या हातावर हात ठेवून तिनं हळू विचारलं, “वेर्नाबाई, आत दुसरं काही होतं का? आठवतंय? नसेल आठवत तर राहू द्या.”

मी लायलकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याच्या पाळ्या मला त्याच्या तोंडापेक्षा जास्त सांगतात. आणि माझ्या तोंडातून गेलं, “नाही बाई आठवत.” पोटच्या पोराला भरल्या खोलीत चोर म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

मग जे झालं त्यापेक्षा त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्यांनी माझे बटाटे दोन-दोनदा वाढून घेतले. क्लाइडनं बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं, एकेक शब्द तोडून सांगितलं, “बाथरूम डावीकडे, वेर्नाबाई!” जसं काही मी तिथे पहिल्यांदाच गेले होते. आणि निघताना रोवेना म्हणाली, “पुढच्या महिन्यापासून खोके माझ्या बहिणीकडे मागवू या. तुम्हाला तरी किती त्रास द्यायचा.” मी मान डोलावली. भांडं रिकामं होतं तरी हाताला जड लागत होतं.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, “गुरुवारी केस वाळवायचं मशीन कशाला लावलं होतंस रे?”

“कसलं मशीन?”

“तुझ्या डोक्यावर वाळवायला उरलंय काय?”

 मग तो बोलायला लागला. सगळे खोके त्यानं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले होते. लोखंडी बैठकीमुळे रोवेनाचा जड भरला. गरम हवेनं चिकटपट्टी सोडवली, कप्तान काढली, आपल्या बंद ठेवायच्या खोक्यातला यंत्रमानव तिथे सरकवला. चंद्राचं स्टिकर फाटलं, म्हणून हाताला लागलं ते लावलं.

“आणि माझं नाव का घेतलंस?”

“तुला ते माफ करतील, आई. म्हातारं माणूस म्हणून सोडून देतील. मला हाकलून देतील. बायको गेल्यापासून मला दुसरं आहे कोण?”

हे खरं होतं, त्यानंच जास्त लागलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. आमच्या ओळखीचं कुणी रस्त्यात दिसू नये एवढंच मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी चर्चमधून आल्यावर मी बूट काढलेच नाहीत. म्हटलं, “ती बाई काढ कपाटातून आणि गाडी काढ. रोवेनाच्या दारात जाऊन तुझ्या तोंडानं सांगायचं. मी गाडीत बसते.” त्यानं किल्ल्या उचलल्या. वाटेत मला वाटलं, चला, पोरगं अजून हातचं गेलं नाही.

तिच्या घरापुढे गाडी थांबली. मी काच खाली केली. लायल पायऱ्या चढून गेला, दार वाजवलं. रोवेना कामावरच्या निळ्या कपड्यांतच बाहेर आली. कप्तान बघून तिनं दोन्ही हात तोंडावर धरले.

लायल म्हणाला, “आईच्या कपाटात सापडली. टॉवेलांखाली ठेवली होती. तिला विचारलं, तर तिला काही आठवत नाही.”

“अरे देवा! बिचारी. डॉक्टरला दाखवलंस का?” असं म्हणून ती गाडीकडे वळली आणि तान्ह्या बाळाला करावी तशी बोटं हलवून मला टाटा केला.

माझं तोंड कानापर्यंत तापलं. कालची लाज मी गिळली होती, ही गिळता येईना. मी दार उघडून उतरले, कठड्याला धरून पायऱ्या चढले. लायल बाजूला सरकला. रोवेना मला आधार द्यायला पुढे आली, तर तिला म्हटलं, “तू थांब गं, तुझ्यासमोरच बोलायचंय.” मग त्याच्याकडे वळून म्हणाले,

“लायल, माझ्या टॉवेलांखाली टॉवेलच असतात. ही चोरी तुझी. काल सगळ्यांसमोर मी गप्प बसले, ती लाज माझी, ती मी भोगीन. पण आज तुला कुणी विचारलंही नव्हतं, तरी तू मला वेडी ठरवलंस, ती लाज तुझी. पुढच्या महिन्याच्या शनिवारी त्या खोलीत उभा राहशील आणि आता इथे ऐकलंस ते शब्द न शब्द सांगशील. त्यांनी बाहेर काढलं तर मान खाली घालून बाहेर पडशील, गयावया करायची नाही. घरात तुला ताट मिळेल, अंथरूण मिळेल, आई आहे मी. पण तुझ्या नावाची वस्तू दारात आली तर मी तिला हात लावणार नाही. पावसात भिजू दे, नाहीतर कुणी उचलून नेऊ दे. मी राखण करते ती भरवशाच्या माणसांच्या मालाची, आणि तू त्यातला राहिला नाहीस.”