ऑपरेशन न झालेला डोळा

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं नाही. हे मी ब्राह्मणपुरीत महिनाभर इतक्यांदा सांगितलं की शेवटी माझा मलाच संशय यायला लागला.

माझा नंबर साडेपाच. केळीच्या बागेत घामानं चष्मा नाकावरून घसरायचा, काचा धुरकट व्हायच्या. आणि यंदाची कापणी मी बघायची, असं पप्पांनी दिवाळीत कबूल केलं होतं. दोन वर्षं हात धुऊन त्यांच्या मागे लागले होते मी. केळ्यांच्या कडा बुजल्या की घड भरला, हे लांबून ओळखायला नजर पक्की लागते. म्हणून नंदुरबारला जाऊन लेन्स घेतल्या.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की लेन्स ऊन अडवते ती बुबुळापुरती, बाकीचा डोळा उघडाच राहतो. उन्हात मोठा गॉगल आणि टोपी हवीच. डोळा चोळायचा नाही. चुरचुरलं की हात धुऊन लगेच लेन्स काढायची. मी सगळं मुकाट्यानं पाळलं.

तिथंच माती खाल्ली. लग्नात फोटोपुरता गॉगल कुणीही घालतं, पण भर दुपारी शेतात काळा गॉगल म्हणजे आमच्याकडे मोतीबिंदूच्या शिबिरातून आलेली म्हातारी. पहिल्याच दिवशी शेजारच्या सरलाबाईंनी बांधावर गाठलं.

"दामिनी, तुन्हा डोयानं आपरेशन कव्हय व्हयनं?"

गॉगल काढून दाखवला, समजावलं. त्यांनी मान हलवली आणि गावभर सांगितलं की पोरगी लपवतेय. मीनाकाकीनं तेच पप्पांच्या कानावर घातलं, वर कापणीसाठी आपल्या पोराचं, नवनीतचं नावही सुचवलं. पप्पा मला म्हणाले, कापणीला नवनीतलाही सोबत घे. माझं डोकंच फिरलं.

कापणीच्या पहिल्या दिवशी गॉगल आणि टोपी मुद्दाम घरी ठेवली. बघा म्हटलं एकदाचे माझे डोळे.

अकरापासून मी मजुरांना कापायचे घड दाखवत होते. एकही कच्चा निघाला नाही, व्यापाऱ्याचा माणूससुद्धा खूश. दोनच्या सुमाराला गरम वारा सुटला, धूळ उडाली आणि डावा डोळा चुरचुरू लागला. लेन्स काढायला हवी, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण काढली तर घड दिसणार नव्हते, आणि नवनीत दहा पावलांवर उभा होता. मी मनगटानं डोळा चोळला. एकदा नाही, चारदा चोळला. चारपर्यंत तशीच उन्हात उभी राहिले.

सकाळी डोळा उघडेना. पप्पांनीच नंदुरबारला नेलं. बुबुळावर ओरखडा निघाला. डॉक्टरीणबाई चिडल्या, आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. बरं होईल म्हणाल्या, पण लेन्स बंद आणि महिनाभर शेतात जायचं नाही.

घरी आलो तेव्हा सरलाबाई ओट्यावर बसल्या होत्या. उजेड सोसेना म्हणून मी गॉगल घातलेला. पप्पांनी मला हाताला धरून पायऱ्या चढवल्या. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"औंदानी कापणी नवनीत देखी लेई," ते हळूच म्हणाले. "तू तुन्हा डोया सांभाय."

गाव महिनाभर खोटं बोलत होतं, ते मी एका दुपारीत खरं करून दाखवलं होतं.