व्याह्यांचं बिल आणि देशाची तूट

खर्चखात्याच्या मुख्याधिकाऱ्यांना सगळी कचेरी पाठीमागे टक्केसाहेब म्हणे. देशाची तूट तीन टक्क्यांच्या आत ठेवायची असा कायदा होता, आणि साहेबांच्या कारकिर्दीत ती मुकाट्याने आत राहत आली होती. युक्ती साधी होती. वर्ष संपत आलं की आवक टेबलावरचा शिक्का साहेबांच्या कपाटात जाई. शिक्का नाही म्हणजे बिल आलं नाही. बिल आलं नाही म्हणजे खर्च झाला नाही. बिल घेऊन आलेला माणूस मात्र आलेला असे. त्याला पाणी मिळे.

यंदा साहेबांची निवृत्ती तोंडावर आली होती. मंत्री म्हणाले होते, "तीनच्या आत दाखवा, दोन वर्षांची मुदतवाढ तुमची." आकडा दोन पूर्णांक नव्याण्णवावर श्वास रोखून उभा होता.

अशात बिल घेऊन आले ते साहेबांचे सख्खे व्याही. त्यांनी सरकारी इस्पितळांना पलंग पुरवले होते. कचेरीत पाणी पिऊन ते संध्याकाळी घरी आले. घरी शिक्का लागत नाही.

"साहेब, पलंग पोचले, त्यांवर माणसं झोपली, काही तर बरी होऊन घरीसुद्धा गेली. आणि तुमच्या लेखी पलंग अजून यायचेत?"

"येतील हो. नवं वर्ष लागू द्या."

"कामगारांना पगार काय पंचांग बघून देऊ?"

व्याही गेल्यावर बाईसाहेबांनी तोंड उघडलं. "अहो, आपली लेक त्या घरात नांदतेय. उद्या काही वाकडं आलं तर देश येणार आहे का मिटवायला?"

"एक बिल आत घेतलं की मागची सगळी रांग घुसेल. मग कसली मुदतवाढ!"

"मग स्वतःच्या खिशातून द्या."

बाईसाहेब टोमणा मारून मोकळ्या झाल्या. साहेबांना तो तोडगा वाटला. त्यांनी राहतं घर तारण ठेवून बँकेतून बारा टक्क्यांनी कर्ज उचललं आणि व्याह्यांना हातउसने दिले. बिल मिळालं की परत, असं ठरलं.

"कर्जाचं कारण काय लिहू?" बँकेच्या मॅनेजरने विचारलं.

"घरदुरुस्ती," साहेब म्हणाले. देशदुरुस्तीला रकाना नव्हता.

अर्थसंकल्पाच्या दिवशी मंत्र्यांनी आर्थिक शिस्तीवर भाषण ठोकलं, बाकं वाजली आणि मुदतवाढीचा हुकूम निघाला. अभिनंदनाला व्याही पहिले.

"कामगारांचे पगार झाले ना?" साहेबांनी विचारलं.

"छे! त्यांना म्हटलं, नवं वर्ष लागू द्या. तुमचाच शब्द. पैसे सरकारी रोख्यांत घातले, आठ टक्क्यांनी."

"सरकारी? अहो, त्याच सरकारने तुमचं बिल थकवलंय!"

"म्हणूनच तर! सरकारला माल दिला की ते ओळख विसरतं. कर्ज दिलं की व्याज घेऊन वेळेवर दारात हजर. पलंगांचा धंदा आता बंदच करतो म्हणतो."

ते व्याज द्यायला सरकार आणखी कर्ज काढणार, हे साहेबांइतकं कुणाला ठाऊक असणार? पण तो पुढच्या वर्षाचा प्रश्न होता. एरवी अशा वेळी त्यांना हायसं वाटे. यंदा वाटेना, पुढचं वर्ष त्यांनी स्वतःच मागून घेतलं होतं.