मोठी स्पर्धा संपेपर्यंत कुणी जायचं नाही

आमच्या घरात गोल्फच्या मोठ्या स्पर्धेच्या आठवड्यात आजवर कुणी मेलेलं नाही. जन्मलंही नाही. तुम्ही हसाल, हसा. ढब्ब्याच्या वेळी माझ्या ताईला बुधवारी कळा सुरू झाल्या आणि गुरुवारपासून स्पर्धा. तिनं पोटावर हात ठेवून बजावलं, "आता नाही, सोमवारी." रविवारी संध्याकाळी विजेत्याला चषक मिळाला, सोमवारी दूधवाल्याच्या आधी ढब्ब्या हजर. नर्स चार दिवस ताईच्या उशाशी टीव्ही बघून इतकी तयार झाली, की पुढे म्हणे तिनं दवाखाना सोडून क्लबात नोकरी धरली.

मेहुण्यांचंही तसंच. ते गोल्फच्या मैदानावर गवताचे मुकादम होते. शेवटच्या आजारात शुक्रवारीच त्यांचा श्वास अडकला. डॉक्टरांनी मान हलवली. मेहुण्यांनी मात्र तो अडकलेला श्वास तस्साच धरून ठेवला. रविवारी टीव्हीवर शेवटचा चेंडू भोकात पडल्याचा टप्प असा आवाज आला आणि त्यांनी तो सोडला. मी समोर बसलो होतो. शप्पथ घ्यायला सांगू नका, पण समोर बसलो होतो.

तर अशा घरात ताई आजारी पडली, आणि त्याच वर्षी गोल्फ मंडळानं स्पर्धांच्या वेळापत्रकाचा खेळ मांडला.

ढब्ब्या म्हणजे तिचा एकुलता एक. लहानपणी लाडूसारखा होता म्हणून ढब्ब्या. आता चाळिशीला टेकलेला, बांबूसारखा उभाच्या उभा, तरी नाव काही सुटलं नाही. व्यावसायिक खेळाडू. म्हणजे लहानसहान स्पर्धांत पोट भरायचं आणि वर्षातल्या चार मोठ्या स्पर्धा टीव्हीवर बघायच्या, असा व्यावसायिक. मी त्याचा मामा आणि त्याचा कॅडी. बॅग खांद्यावर घेऊन त्याच्या मागून चालायचं आणि चेंडू झाडीत गेला की वाऱ्याला शिव्या द्यायच्या, हे माझं काम. त्या वर्षी पात्रता फेरीत त्याला काय झालं कोण जाणे, प्रत्येक चेंडू भोकाला मामाचं घर समजून धावत गेला. ढब्ब्या आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेला पात्र ठरला. गुडघे बोलायला लागले होते, तेव्हा शेवटचंही तेच, हे त्याला, मला, सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ताईच्या पोटातला आजार तोवर पाठीच्या हाडांत उतरला होता. डॉक्टरीणबाई मला जिन्यात म्हणाल्या, "उन्हाळा दिसणार नाही त्यांना."

ताईला हे कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं आम्हा दोघांना खाटेशी बोलावलं. "स्पर्धा उन्हाळ्याच्या तोंडावर आहे ना? ती झाली की मी जाते. आधी नाही. आधी गेले तर हा रडत खेळेल, आणि रडत खेळला की याचा चेंडू डावीकडे जातो."

"आई, काहीतरीच काय बोलतेस!"

"काहीतरी काय? जातोच डावीकडे. बापाच्या वेळी बघितलंय मी."

मग अवकाळी पाऊस आला. मैदानाचा तलाव झाला आणि मंडळानं स्पर्धा उन्हाळ्याच्या अखेरीस ढकलली. ढब्ब्यानं भीतभीत सांगितलं. ताई म्हणाली, "बरं. थांबते मग."

आणि थांबली की! डॉक्टरीणबाई चक्रावल्या. उन्हाळा आला, ताईनं तो खिडकीतून पाहिला. पण थांबणं म्हणजे काय, हे आम्ही रोज जवळून पाहत होतो. भाड्यानं आणलेल्या लोखंडी खाटेचा दांडा फिरवून तिला उठवताना ती ओठ चावायची. कूस बदलायला दोघं लागायचो. पाठीला जखमा झाल्या. गोळीचा असर उतरला की ती छताकडे बघत मैदानाची भोकं मोजायची, पहिलं, दुसरं, तिसरं. अठरावं संपलं की पुन्हा पहिलं. अंगात काही उरलं नव्हतं, नुसती तारीख उरली होती.

उन्हाळ्याच्या अखेरीस टीव्हीवाल्यांना फुटबॉल आडवा आला. मोठ्या स्पर्धांची अख्खी रांगच मागेपुढे झाली, दुसरी पहिली झाली, चौथी तिसरी, आणि आमची गेली थेट पानगळीच्या शेवटी. मंडळातल्या साहेबांनी कोट घालून सांगितलं, सर्वांचं हित लक्षात घेऊन निर्णय घेतला आहे. सर्वांत आमची ताई धरली नव्हती.

"आता कसं सांगू तिला?" ढब्ब्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. "मामा, ती थांबेल. हाल हाल होऊन थांबेल."

"थांबेल," मी म्हटलं. "आमच्याकडची माणसं हट्टी."

"मग सांगतच नाही. स्पर्धा झाली म्हणून सांगतो."

ताईच्या खोलीतला टीव्ही बिघडवणं अवघड नव्हतं, मी एक वायर ओढली. ढब्ब्या बॅग घेऊन, ताईच्या पाया पडून निघाला आणि दोन गल्ल्या सोडून माझ्या घरात लपला. तिला सोडून मी कसा येणार म्हणून यंदा बॅग दुसरा कुणी उचलतोय, असं सांगितलं. शनिवारी पडलेल्या तोंडानं तो परत आला. तोंड पाडायला त्याला नाटक करावं लागलं नाही.

"कट चुकला, आई." दोन दिवसांच्या खेळानंतर अर्धे खेळाडू घरी पाठवतात, त्याला कट म्हणतात. "एका फटक्यानं."

"कुठे गेला तो फटका?"

"सतराव्या भोकावर."

"डावीकडे?"

"डावीकडे."

"वाटलंच. गवत कसं होतं?"

"ओलं. जड."

ताई बराच वेळ डोळे मिटून पडली. आम्ही दोघं खाटेच्या दोन बाजूंना उभे. मला वाटलं, झालं. मी मनातल्या मनात तिला वाटेला लावलीसुद्धा. मग तिनं डोळे उघडले.

"मग पुढची कधी आहे?"

ढब्ब्यानं माझ्याकडे पाहिलं, मी पायांकडे.

"एका फटक्यानं हुकलंय म्हणजे हातात खेळ आहे," ताई म्हणाली. "असं हरलेलं पोर मागे ठेवून जाऊ होय मी? पुढची खेळ. थांबते."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "गाढवा, जिंकलो म्हणायचं होतंस!"

"जिंकलो म्हटलं असतं तर पहिल्याच वाक्याला पकडलं असतं तिनं. मी आजवर काय जिंकलोय, मामा?"

मी त्याची बॅग उचलून कोपऱ्यात ठेवली.

पुढचे दिवस वाईट गेले. गोळ्यांची मात्रा वाढली, ताईची शुद्ध अधूनमधून हरपायला लागली, पण शुद्धीवर आली की पहिला प्रश्न तारखेचा. एका दुपारी जखमा धुताना ती ओरडली. ताई कधी ओरडलेली नव्हती. ढब्ब्याच्या वेळीसुद्धा नाही. ढब्ब्यानं हातातला कापूस ठेवला, हात धुतले, फोन घेऊन खाटेशी बसला आणि तिला दोन्हीकडचं ऐकू जावं म्हणून फोनचा स्पीकर चालू केला.

"आई, पुढची नाही. मी खेळ सोडतोय. ऐक."

मंडळाच्या कचेरीतल्या बाईंनी फोन घेतला. ढब्ब्यानं नाव सांगितलं. म्हणाला, "माझं व्यावसायिक खेळाडूचं कार्ड रद्द करा. यापुढे कुठल्याच स्पर्धेत खेळणार नाही."

"सर, नीट विचार केलाय ना? कार्ड रद्द झालं की परत मिळत नाही."

"केलाय."

"पण सर," बाई बिचारी मनापासून म्हणाली, "तुमचं नाव मोठ्या स्पर्धेत आहे. ती तर अजून व्हायचीय. त्यातूनही काढू?"

ताईची नजर छतावरून हळूच खाली आली आणि ढब्ब्यावर थांबली. मी फोन हिसकावून घ्यायला हात पुढे केला, पण ढब्ब्यानं तो छातीशी धरला. त्याला अजून मागे फिरता आलं असतं. नाही म्हणायला तोंडही उघडलं होतं त्यानं. मग त्याची नजर तिच्या पाठीखालच्या रक्ताळलेल्या चादरीवर गेली.

"हो," तो म्हणाला. "त्यातूनही काढा."

"काढलं, सर. राखीव खेळाडूला कळवते. शुभेच्छा."

फोन बंद झाला.

"खोटारड्या," ताई म्हणाली.

"हो, आई."

"म्हणजे कट चुकला नव्हता."

"नाही."

"आता चुकणारही नाही."

तिनं तोंड भिंतीकडे करायची खूण केली. आम्ही दोघांनी तिची कूस बदलली. त्यानंतर ती काही बोलली नाही. ढब्ब्या संध्याकाळभर तिच्या पाठीमागे बसून होता, आई, आई म्हणत. तिनं तारीख विचारली नाही. दुसऱ्या दिवशी, डॉक्टरीणबाई यायच्या आधी, ती गेली. एवढंच. श्वास धरणं नाही, टप्प आवाज नाही. जे झालं त्यात मला काही मीठमसाला घालता येत नाही.

स्पर्धा शेवटी पानगळीत झाली. ती सुरू झाली त्याच दिवशी दुकानाची माणसं भाड्याची खाट न्यायला आली. मी आणि ढब्ब्यानं खाटेचे पाय सोडवले, गादी गुंडाळली. शेजारच्या घरातून टीव्हीवरच्या टाळ्या ऐकू येत होत्या. खाट जिन्यातून खाली गेली, तेव्हा जिथं ती होती तिथं फरशीवर चार गंजके डाग होते. ढब्ब्या फडकं ओलं करून ते पुसायला बसला.

"मामा," मान वर न करता तो म्हणाला, "रागावून गेली का रे ती?"

"छे! सुटली ती. खूश होती. मला तोंड दिसत होतं ना तिचं, हसलीसुद्धा जराशी."

"मामा, ती भिंतीकडे तोंड करून होती."

"हो, पण मी वाकून..."

"राहू दे," तो म्हणाला, आणि पुढचा डाग घासायला लागला.