रोडेलने घर उचललं

"मेल्या, घर आहे की ट्रक? जॅक लावून घर कोण उचलतं?"

रोडेल नुसता हसला. हातातला जॅक त्याने माझ्या टेबलावर ठेवला. खाली आणखी पाच होते. सगळे वीस टनी, सगळे भंगारातले, सगळे गळके.

"कुया, फक्त सील बदलून दे. गुरुवारी माझी पेटी बोटीने जाणार."

कुया म्हणजे त्यांच्यात थोरला भाऊ. काम असलं की मी कुया, नसलं की नुसता पांडू. त्याची इंग्रजी मोडकी, माझी त्याहून मोडकी. पण बहारीनच्या मीना सलमान बंदरातल्या एकाच वर्कशॉपात नऊ वर्षं घासलीत आम्ही, तो वेल्डर, मी पंप आणि जॅकचा मेकॅनिक. तेव्हा तो काय बोलला ते मराठीतच सांगतो.

याचं गाव फिलिपिन्सात, पंपांगा म्हणून भाग आहे तिकडं. एक्याण्णव साली तिथला पिनाटुबो डोंगर फुटला. फुटला तो फुटला, पण जी राख अंगावर घेऊन बसलाय ती दर पावसात नदीतून खाली सोडतो. पाणी नाहीच ते, पातळ सिमेंट म्हणा. पंच्याण्णवला याच्या गावात घरं छपरापर्यंत गाडली गेली. तीनशे घरं होती. सरकारने लांब कुठं कॉलनी दिली, लोक गेले. मागे उरली अकरा. त्यातलं एक याच्या आईचं. खांबांवरचं लाकडी घर, उंच, म्हणून निम्मंच बुडालं.

"अरे, म्हातारीला कॉलनीत ने ना!"

"नेली होती. चार दिवसांत एकटी परत आली. म्हणते, तिथं शेजारी कोण, काय, माहीत नाही."

"आणि गावात कोण शेजारी आहे? चिखल?"

"दहा घरं आहेत की."

बेत असा, की खांब कापायचे, खाली जॅक लावायचे, घर आठ फूट वर घ्यायचं आणि नवे सिमेंटचे खांब घालायचे. सगळं मोठा पाऊस लागायच्या आत. माझं डोकंच फिरलं. मी थेट रहिमतुल्लाभाईंकडे गेलो. आमचे फोरमन, दापोलीकडचे. म्हटलं, हे तरी याला झापतील.

"भंगारच हाय ना पांडुरंगा? नेऊ दे त्याला. तुझ्या पोटात का दुखतंय?"

"भाई, तिथं परत चिखल येणार!"

"इंशाल्ला नाय येणार. यल्ला, कामाला लाग."

तीन दिवस जेवणाची सुट्टी गेली त्या जॅकांत. एकाचा दांडा चरे पडलेला, तो घासून गुळगुळीत केला. आणि हात चालू तसं तोंडही चालू. म्हटलं, "सोड ते गाव. डोंगर काय तुझ्या घरी चाकरीला आहे, आईला बघून थांबायला?"

तो शांतपणे विचारतो, "कुया, तुझं घर कुठं?"

"गुहागरजवळ. चिऱ्याचं. मागल्या साली वर स्लॅब टाकला."

"किती दिवस राहतोस त्यात?"

"वर्षाला महिना. सुट्टी मिळाली तर."

"मग कशाला बांधलंस?"

मी पाना फेकला त्याच्या दिशेने. नेम चुकला ते बरंच झालं.

गुरुवारी पेटी भरली. ही माणसं घरी पुठ्ठ्याची मोठी पेटी पाठवतात, त्यात साबण, डबाबंद मटण, चॉकलेट, टॉवेल. भाडं मापावर, वजनावर नाही. म्हणून याने टॉवेलात गुंडाळून सहाच्या सहा जॅक घातले. आतलं तेल मी आधी काढून टाकलं होतं, नाहीतर आडवे पडून सगळं बरबाद झालं असतं. कार्गोवाला पेटीला हात लावून मटकन खाली बसला.

"साबण एकपण नाही?" मी विचारलं.

"एक टाकलाय, सगळ्यात वर. आई पेटी उघडली की आधी वास घेते."

जूनमध्ये तो दोन महिन्यांच्या सुट्टीवर गेला. मला काय करायचंय? पण कँटीनमधल्या त्याच्या गाववाल्यांना रोज विचारायचो, पाऊस लागला काय तिकडं? मला बघितलं की ते ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जायला लागले.

ऑगस्टमध्ये आला. काळा पडलेला, गालफडं बसलेली.

"उचललंस?"

"आठ फूट. दहाही घरची माणसं आली हात लावायला. एकही जॅक गळला नाही, कुया."

"मग तोंड का असं?"

"जुलैत चिखल आला."

"किती?"

"साडेसात फूट."

तीन दिवसांच्या सगळ्या शिव्या एकदम तोंडाशी आल्या. पण विचारलं दुसरंच. "आई?"

"मजेत. म्हणते, बरं झालं. नव्या पायऱ्या चढून गुडघे गेले होते. आता दारातून पाय टाकला की बाहेर."

"आणि शेजारची दहा?"

"चार राहिली."

त्यानेच पुढं सांगितलं.

"मी निघालो त्या दिवशी वरचा चिखल वाळला होता. आई झाडू घेऊन बाहेर आली. आधी अंगण होतं तेवढंच पावलांनी मोजलं आणि तेवढंच झाडलं. मी म्हटलं, पलीकडचंही झाड की, सगळं सपाटच आहे. तर म्हणाली, नको, ते सान्तोसचं आहे."

"हा सान्तोस कोण?"

"शेजारी. वर्ष झालं त्याला कॉलनीत जाऊन."