शेवटचा हात

"मामा, झुरळाचा गाशा गुंडाळला!" वेल्डर लांबूनच ओरडत आला. "उद्या सकाळी खोक्यात घालून परत धाडणार. आता तरी हसा की!"

भिंगमामा हसले नाहीत. हातातलं टोपण त्यांनी पाईपवर बसवलं, काढलं आणि पुन्हा बसवलं.

झुरळ म्हणजे रोबो. अंगठ्याएवढा, सहा चाकांचा, डोक्यावर दिवा नि कॅमेरा, मागे वायरीचं लांबलचक शेपूट. विमानात इंधन खेळवणारे पाईप तयार झाले की हा गडी त्यांच्या पोटात शिरायचा आणि आतला चरा न् चरा स्क्रीनवर दाखवायचा. आधी हे काम मामांचं होतं. एका डोळ्याला भिंग लावून पाईपच्या तोंडाशी वाकलेला माणूस म्हणून सगळा कारखाना त्यांना भिंगमामा म्हणायचा, अगदी मोठे साहेबसुद्धा. रोबो चाचणीत उतरला की मामांची रवानगी पॅकिंगला, हे ठरून गेलं होतं. आणि आज रोबोच सपशेल आपटला होता. त्याने पास केलेल्या तीन पाईपांत जोडणीवाल्यांना धागे सापडले होते.

"तीनच?" मामांनी विचारलं.

"तीन काय कमी झाले? वर आभाळात एक धागा झडपेत अडकला, की संपलंच ना सगळं!"

"आणि बाकीचे पाईप?"

"वाकड्या पाईपांत त्याला नीट दिसत नाही म्हणे. तेवढे परत मागवलेत. सरळवाले उद्या दुपारी विमानात बसणार."

साहेबांच्या टेबलावर काचेच्या बशीत एक धागा ठेवला होता. मामांनी जाता जाता पाहिला. पांढरा होता. मामांचा हात खिशाकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला.

खिशात होता बोळा. दोरीला बांधलेला, कापडाचा. ज्या म्हाताऱ्या कारागिराने मामांना हे काम शिकवलं, त्याची ती रीत. भिंगाने बघून झालं की बोळा पाईपमधून ओढायचा. शेवटचा हात आपला. रोबो आला आणि ही रीत बंद झाली. धागे न सुटणारं खास कापड मिळायचं, तेही स्टोअरने बंद केलं. पण मामांना चैन पडेना. पास झालेला पाईप टोपण लावायला त्यांच्याकडे यायचा. कुणाचं लक्ष नाही असं बघून ते बोळा ओढून घ्यायचे. प्रत्येक पाईपमधून. सरळ असो की वाकडा. कापड तेवढं घरून आणलेलं.

संध्याकाळी घरी मामांचं बूड एका जागी टेकेना. गळका नळ दुरुस्त करायला घेतला, अर्धवट सोडला. खिडकी उघडली, लावली, परत उघडली.

"अहो, बसा की घटकाभर! फरशी झिजेल अशानं," बायको म्हणाली.

"ते माझं जुनं बनियन होतं बघ..."

"तरीच! घरात शोधून शोधून दमले मी. पुसायला म्हणून ठेवलं होतं. तुम्ही कशाला नेलंत?"

"मऊ होतं. स्वच्छ होतं."

"कसलं मेलं मऊ! धागे सुटतात त्याचे. धुतलं की सगळ्या कपड्यांना चिकटतात. म्हणून तर टाकायला काढलं ना!"

मामा मटकन खाली बसले. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. बायको ऐकत राहिली. मामांची खुर्ची गेली तर ते आतून खचतील, हे तिच्याइतकं कुणाला माहीत?

"कुणाला कळणारे?" ती हळूच म्हणाली.

"कुणालाच नाही. फक्त मला. आणि आता तुला."

"मग मला कशाला सांगितलंत? माझ्या जिवाला घोर लावायला?" तिने पदराने तोंड पुसलं. "सकाळी लवकर निघा. ते पाईप विमानात बसायच्या आत पोचा."

मामांना झुरळ जायला हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. सकाळी कारखान्याच्या दारातसुद्धा त्यांचे पाय एकदा मागे वळले. रोबोबरोबर आलेली इंजिनिअर बाई वायर गुंडाळत होती. तिचे डोळे सुजले होते.

"मॅडम, खोकं बंद करू नका," मामा म्हणाले आणि त्यांनी बोळा टेबलावर ठेवला.

सगळं ऐकून बाईने बोळा उचलला. "पण मामा, यानं पास केल्यावर परत कशाला?"

"हात लावल्याशिवाय पाईप सोडवेना हो." मामा म्हणाले. "त्याच्यावर विश्वासच बसेना माझा. आणि घाण केली ती मीच."

मोठे साहेब धावत आले. "मामा, तुम्ही? तुम्ही?" एवढंच म्हणाले. मग त्यांनी फोन लावला आणि सगळे पाईप परत मागवले. फोन ठेवून म्हणाले, "उद्यापासून पॅकिंगला जा."

"हो साहेब."

दिवसभर झुरळ पाईपांत शिरत होतं. सरळ पाईपांतही धागे निघाले. दिव्याच्या उजेडात धागा स्क्रीनवर केवढा तरी मोठा दिसायचा, आणि प्रत्येक वेळी मामा म्हणायचे, "माझाच." वेल्डर पलीकडे उभा होता. त्याने मान वर केली नाही.

धुऊन आलेला शेवटचा पाईप स्वच्छ निघाला. बाईने तो मामांपुढे सरकवला. जरा घुटमळून तिने ड्रॉवरमधलं त्यांचं भिंगही पुढे केलं.

"एकदा बघून घेता, मामा?"

मामांनी भिंग हातात घेतलं, सदऱ्याला पुसलं आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवलं.

"नको. त्यानं बघितलंय."

मग त्यांनी टोपण उचललं आणि पाईपच्या तोंडावर घट्ट बसवलं.