चौथी पायरी गाळून

निर्मात्याने फीत मागे नेली आणि जिन्यावरची पावलं तिसऱ्यांदा वाजवली. टप, टप, टप, जरा थांबून पुन्हा टप. सगळे नट कान टवकारून बसले होते. ती पावलं वाजवणारा मात्र दाराशी उभा राहून शर्टाच्या बटणाशी चाळा करत होता. रेडिओच्या नाटकांत दारं, वारा आणि पावलं वाजवण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. आज पहिल्यांदाच स्वतःचं काम त्याला ऐकवेना.

रहस्यमालिकेचा शेवटचा भाग उद्या ध्वनिमुद्रित व्हायचा होता आणि लेखकाची आजारपणात वाचा गेली होती, हातही चालेना. बंगल्यातल्या म्हाताऱ्याचा खून कोणी केला, हे त्याने कोणालाच सांगून ठेवलं नव्हतं. तेव्हा आधीच्या भागांतले दुवे जोडून खुनी आपणच शोधायचा, असं ठरलं. खुनी तुरुंगात जाणार, म्हणजे पुढच्या मालिकेतून त्याचा पत्ता कट. त्यामुळे जो तो इतक्या तळमळीने आपण निर्दोष असल्याचं पटवत होता, की नाटकात कोणी एवढा जीव ओतला नसेल.

"चौथी पायरी करकरते, हे बाहेरून येणाऱ्या डॉक्टरला काय माहीत?" डॉक्टर झालेला नट म्हणाला. "खुन्याने नेमकी तीच गाळलीय. म्हणजे माणूस घरातलाच."

घरातले दोघेच उरत होते, म्हाताऱ्याचा भाचा आणि घर सांभाळणारी बाई. बाईचं काम पावलं वाजवणाऱ्याची बायको करत होती. अठरा वर्षं गर्दीच्या प्रसंगांत गलका करून झाल्यावर हे पहिलं धड काम तिच्या वाट्याला आलं होतं.

भाचा झालेला नट भलताच चलाख. आपलं पात्र पहिल्या भागापासून बूट घालतं, त्याने आठवण करून दिली, आणि हा आवाज तर बायकी चपलांचा आहे.

"तुम्हीच सांगा आता," निर्माता दाराकडे वळला. "चिठ्ठीत काय होतं?"

रहस्य फुटू नये म्हणून लेखक पावलांची चिठ्ठी फक्त त्याच्या हातात देई आणि काम झालं की तो ती फाडून टाकी. 'जड बूट, चौथी पायरी गाळून,' एवढंच त्या चिठ्ठीत होतं. पण त्या दिवशी बुटांची पिशवी तो घरी विसरला होता. आवाज नको म्हणून नट अनवाणीच आत जात, आणि दाराबाहेरच्या पादत्राणांत त्यातल्या त्यात जाड तळाची जोडी बायकोची निघाली. ती हातांत घालून त्याने फळीवर वाजवली आणि गुपचूप जागेवर ठेवून दिली. कोणाला काय कळतंय, असं त्याला वाटलं होतं.

'बूट', एवढा एक शब्द पुरला असता. बायको खिडकीबाहेर बघत होती.

"चपलाच होत्या," तो म्हणाला. "लिहिल्याप्रमाणे वाजवल्या. माझ्याकडून असली चूक होत नाही."

निर्मात्याने वहीत बाईपुढे खूण केली. तिने शांतपणे मान डोलावली आणि कबुलीजबाब किती पानांचा असेल, एवढंच विचारलं.

बाहेर ती चपला घालायला वाकली. तो तिची पिशवी धरून उभा राहिला. शरमेने त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"डाव्या चपलेचा पट्टा त्याच दिवशी उसवला होता," ती म्हणाली. "मी शिवून आणला."



"मग आत बोलली का नाहीस?"

"ते तुम्हाला विचारत होते," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.