वैशाखातली शाळा

मित्रांनो, मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. दौंडच्या यार्डात आगगाड्यांखाली झिजलो, भंगारात निघालो आणि यवतजवळच्या एका वाडीत शाळेपुढच्या कडुनिंबाला टांगला गेलो. माझ्यावर हातोडी पडली की शाळा भरायची, पुन्हा पडली की सुटायची. माझ्या आवाजाचं पार फाट्यापर्यंत कौतुक होतं. टांगलेल्याला दुसरं काम नसतं, म्हणून मी माणसांचा जमाखर्च मनातल्या मनात मांडत बसे.

त्यात दर जूनला खोट निघायची. वैशाखात लांब सुट्टी लागे. मुलगे मामाकडचे आंबे खाऊन गुबगुबीत होऊन परतत. थोराड मुली परततच नसत. सुट्टी म्हणजेच लग्नसराई.

इनुस गुरुजींना हे सलत होतं. सन पंचावन्न-छप्पनचा सुमार असेल. त्यांनी चावडीवर सांगितलं, की यंदा सुट्टीतही सकाळची शाळा भरवीन, वेगळा पगार मागणार नाही. गाव हसलं. पत्र्याखाली पोरं भाजून निघतील, असं एक म्हणाला. मामा रुसतील, असं दुसरा म्हणाला. एरवी भाच्यांना ताकही न विचारणारे मामा तेवढ्यापुरते फार हळवे झाले. सरपंच पोपटरावांनी मात्र होकार दिला. पोरं दुपारपर्यंत घराबाहेर राहतील, एवढा फायदा त्यांना चटकन दिसला.

त्या संध्याकाळी मालनबाई शाळेच्या पायरीशी आली. ती विधवा होती. तिची नकुशी चौथीत, हिशेबात साऱ्या वर्गाच्या पुढं. घरात शब्द चालायचा तो थोरल्या दिराचा, रखमाजीचा. त्यानं पोरीसाठी कुरकुंभकडचा एक बिजवर हेरून ठेवला होता.

"गुरुजी, शाळा बंद पडू देऊ नका," मालनबाई म्हणाली. "शाळा हाय म्हणलं की भावजी गप बसत्यात. सुट्टी लागली की माझ्याकडं सांगायला काय बी उरत न्हाई."

मग मी वैशाखातही वाजलो. उन्हानं तापलेला असायचो, पण वाजायचो. टोला ऐकला की रखमाजी कपाळाला आठ्या घाली आणि नकुशी धाकट्या भावाला कडेवर घेऊन पळत येई.

तेवढ्यात पोपटरावांच्या लेकीचं लग्न ठरलं. आमच्याकडं रीत अशी, की नवरदेवाचं वऱ्हाड शाळेत उतरवायचं. सुट्टीत ती रिकामीच असते ना!

"आठवडाभराचा तर प्रश्न हाय, गुरुजी," पोपटराव म्हणाले. "व्याह्यांना काय गोठ्यात उतरवू?"

गुरुजी भिडस्त. ज्याच्या होकारावर शाळा भरली, त्याला नाही कसं म्हणणार? फळा भिंतीकडं वळला आणि वर्गात गाद्या पडल्या.

रखमाजीनं तोच आठवडा साधला. मांडव उभा, पंगत तयार. अशा मांडवात एखाद्या गरिबाचं लग्न उरकून द्यायचं, हीसुद्धा रीतच. पोपटरावांच्या खाती पुण्य जमा झालं, रखमाजीचा खर्च वाचला. मालनबाई काय सांगणार? शाळेत तर व्याही पान चघळत लोळत होते.

मंगलाष्टकं संपल्याची खूण म्हणून मलाच बडवलं. माझ्या टोल्यावर अक्षता पडल्या. नकुशीनं सवयीनं शाळेकडं मान वळवली, तर कुणीतरी ती हातानं सरळ केली. इनुस गुरुजी मांडवाबाहेर उभे होते. हातात मानाचा नारळ होता. तो ठेवावा कुठं, हे त्यांना सुचत नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांनी चावडीवर विषय काढला नाही. सुट्टी लागली, ती पूर्वीसारखीच लांब लागली.

मित्रांनो, आता शाळेला पितळी घंटा आली आहे आणि मी गंजतो आहे. मला तेल लावू नका, रंगवू नका. फक्त कुणी शाळा मागायला आलं, तर आधी विचारा, की तिच्या आडोशाला कोण उभं आहे. विचारणार नाही तुम्ही, हे मला ठाऊक आहे. तरी सांगून ठेवतो.

नकुशी सासरी गेली, त्या जूनच्या पहिल्या टोल्याला मालनबाई डोईवर घागर घेऊन समोरून चालली होती. ती थबकली, घराकडं वळली आणि म्हणाली, "नकुशे, घंटा झाली गं."

मग तशीच पाण्याला गेली.